हात गरम केला होतास?

एका साध्या प्रश्नाला मी एकदा "होय" असे उत्तर दिले. ते उत्तर खोटे होते. विचारणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाचे परिणाम एका बाईंच्या उजव्या हाताने आणि एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याने भोगले. मी मात्र सुखरूप राहिलो. इतकेच नव्हे, तर वर चढलो. पन्नाशी उलटून गेल्यानंतर हे लिहायला बसलो आहे, म्हणून कुणी याला धैर्य समजू नये. धैर्य त्या दुपारी हवे होते, आणि ते एका शब्दाएवढेच पुरले असते.

ज्यांना मी ते उत्तर दिले, त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिले की वाचणारे त्यांची चूक शोधू लागतील, जशी तेव्हा सर्वांनी शोधली. आणि त्यांची चूक नव्हती. आम्ही त्यांना सर म्हणत असू. तेवढे पुरे.

बसवनगुडीतल्या एका खासगी रुग्णालयात, तळमजल्यावर मागच्या अंगाला, सरांची खोली होती. माणसाच्या मज्जातंतूंमधून विजेची लहर किती वेगाने जाते, हे त्या खोलीत मोजले जाई. नव्वदच्या दशकातल्या बंगळुरात अशा खोल्या फार नव्हत्या. मुंग्या येणारे हात, जड झालेले पाय, वाकडी पडलेली बोटे घेऊन माणसे लांबून येत. मी बेळगावहून डॉक्टर होऊन नुकताच या शहरात आलो होतो आणि सरांच्या हाताखाली माझी नेमणूक झाली होती.

सर बंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यातले होते; शहाजीराजांच्या काळात इकडे आलेल्या आणि इथलेच होऊन गेलेल्या. त्यांची मराठी घरातच राहिलेली, बाहेर कन्नडात भिजत गेलेली. ती ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आले होते. ते हसू फार वेळ टिकले नाही.

"बेळगावचा काय? बा, बा. हात दे," ते म्हणाले. 'बा' म्हणजे कन्नडात 'ये'.

मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. त्यांनी तो ज्योतिष्यासारखा उताणा केला, आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि डोळे मिटले.

"स्वल्प गार आहे. बसनं आलास. खिडकीशी बसला होतास."

ते खरे होते. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी खिशातले बॉलपेन काढून माझ्या मनगटावर एक निळा ठिपका काढला आणि टेबलावरचे दोन टोकांचे एक उपकरण त्या ठिपक्यावर दाबले. माझा अंगठा उडाला. मी ओरडलो.

"ओरडू नको तम्मा." धाकट्या भावाला कन्नडात तम्मा म्हणतात, सर माझ्या वयाच्या सगळ्यांनाच म्हणत. "अंगठा कुणी हलवला?"

"तुम्ही, सर."

"मी मनगटाला हात लावला. अंगठ्याला कुणी लावला?"

मी अंगठ्याकडे पाहत राहिलो. सरांनी पुन्हा कळ दाबली; तो पुन्हा उडाला. वेदना अशी काही नव्हती, चावल्यासारखे वाटले तेवढेच. पण मी आतून हादरलो होतो. पुस्तकात वाचलेले सारे मला पाठ होते. तरीही माझा स्वतःचा अंगठा, माझ्या डोळ्यांदेखत, मला न विचारता दुसऱ्या कुणाचे तरी ऐकतो आहे, हे पाहण्याची माझी तयारी नव्हती.

"भीती वाटली ना? सरी," सर समाधानाने म्हणाले, म्हणजे ठीक. "आता तू माणसांना हात लावायला हरकत नाही."

स्वतः सर प्रत्येक रुग्णाआधी तो झटका आपल्या मनगटावर घेत. त्यांच्या डाव्या मनगटावरचा निळा ठिपका कधी पुसला जात नसे. अंघोळीनंतर फिका झाला की ते पेनाने पुन्हा गडद करीत. अंगठा उडाला की समोरच्या माणसाला म्हणत, "बघा, मेलो नाही. आता तुम्ही." घाबरलेली माणसे हसत. एखादी म्हातारी मात्र हसत नसे. ती सरांच्या मनगटावर फुंकर घालीत असे.

माणसाला भेटल्यावर नमस्कार करण्याची त्यांची पद्धत नव्हती. ते हात धरीत. केळीवाल्याचा, रिक्षावाल्याचा, देवळाच्या पायरीवर बसलेल्या अनोळखी माणसाचा. तो धरून त्याची ऊब सांगत आणि स्वेटर घाला, नाहीतर कॉफी घ्या, असा सल्ला देत. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या एकदा मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात ह्यांनी अंतरपाटाखालून माझा हात धरला. भटजी म्हणाले, अण्णा, अजून वेळ आहे. तर हे म्हणतात, वेळ असू दे, हिचा हात फार गार आहे!"

"मग काय झालं?"

"व्हायचं काय? भर मांडवात माझ्यासाठी गरम दूध मागवलं. माझ्या सासूबाई मरेपर्यंत ते विसरल्या नाहीत."

सरांची शिकवण्याची रीतही अशीच. एकदा त्यांनी मला विचारले, मनगटावरचा निरोप अंगठ्यापर्यंत जातो कसा? मी घडाघडा सांगितले: तंतूच्या पापुद्र्यात सूक्ष्म दारे असतात, ती उघडतात, सोडियम आत शिरते, तेवढ्या भागातला विजेचा दाब उलटतो, मग पोटॅशियम बाहेर पडून तो पूर्ववत होतो, तोवर शेजारची दारे उघडलेली असतात.

"पाठ आहे," सर म्हणाले. "आता दाखव."

ते मला बाहेर घेऊन आले. लांब बाकावर रुग्ण वाट पाहत बसले होते. सरांनी त्यांना कन्नडात सांगितले की, पहिल्याने उठायचे, शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा आणि बसायचे. हात लागला की शेजाऱ्याने उठायचे. लोकांना ते औषधोपचारापैकीच काहीतरी वाटले असावे. त्यांनी निमूटपणे ऐकले. बाकावरून माणसांची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"इथून तिथे कोण चालत गेलं?" सरांनी मला विचारले.

"कुणीच नाही, सर."

"आणि शेवटच्याला कळलं की नाही? हे असं. वीज तारेतून धावते तसं इथं कुणी धावत नाही. प्रत्येकजण फक्त शेजाऱ्याला उठवतो."

मधे बसलेल्या होसकोट्याच्या एका कामगाराला गंमत सुचली. त्याने नुकत्याच बसलेल्या, फुले विकणाऱ्या एका स्थूल बाईंच्या खांद्याला उलटा हात लावला. बाई उसळून म्हणाल्या, "मी आत्ताच उठून बसलेय! पुन्हा लगेच उठायला मला काय चाकं लावलीत?"

बाक हसू लागला. सर तर लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. "ऐक, ऐक! म्हणून लहर मागे वळत नाही. जो आत्ताच उठला, त्याला क्षणभर दम लागतो." मग त्यांनी बाकावरच्या मधल्या माणसांना बसूनच राहायला सांगितले आणि दर दोघांआडच्याने हात लांब करून पुढच्याला उठवायला सांगितले. या वेळी लाट झपाट्याने गेली. ज्या तंतूंवर मेदाचे वेष्टन असते, त्यांत लहर अशीच उड्या मारीत जाते, हे मला पुन्हा कधी पाठ करावे लागले नाही.

शेवटी सर म्हणाले, "आता समजा, सगळ्यांना थंडी वाजतेय. शाली गुंडाळून बसलेत. उठतील का?"

"उठतील, सर. सावकाश."

"आणि बसतील?"

"तेही सावकाश."

"हं. गारठ्यात तंतूची दारं उशिरा उघडतात आणि उशिराच मिटतात. म्हणून लाट उशिरा पोचते, पण ऐसपैस पसरून, उंच होऊन येते. धडधाकट तंतू नुसता गार असला तरी आजारी दिसतो." मग त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवले. "मज्जातंतू खोटं बोलत नाही. आपण त्याला अवेळी विचारतो. लक्षात ठेव."

या एका गोष्टीसाठी सर सगळ्या रुग्णालयात हसण्याचा विषय झाले होते. कुणाचाही हात तपासण्याआधी ते तो कोमट पाण्यात भिजत ठेवीत. खोलीत वातानुकूलन यंत्र होते. मोजणीच्या यंत्राला गारवा लागतो, असे ते बसवणाऱ्या कंपनीने बजावले होते. "यंत्राला थंडी पाहिजे आणि माणसाला ऊब. दोघांचं भांडण मी मिटवत बसतो," असे सर म्हणत. विजेची किटली खोलीत चालत नसे, कारण ती लावली की पडद्यावरची हिरवी रेघ थरथरू लागे. म्हणून पाणी कँटीनमधून येई, आणि निळ्या प्लास्टिकच्या टबात ओतले जाई. मग रुग्ण हात बुडवून बसे, सर त्याच्याशी गप्पा मारीत, पाणी निवले की बदलीत, हात पुसून पुन्हा आपल्या तळव्यात धरीत आणि मनासारखी ऊब आली तरच पुढचे काम. बाहेरची रांग वाढत जाई. तरुण डॉक्टरांनी त्या खोलीला 'बिसी नीर अंगडी' असे नाव ठेवले होते, म्हणजे गरम पाण्याचे दुकान. तिथे काम करणाऱ्या मला अर्थातच दुकानातला नोकर ठरवले गेले. मला ते लागे. मी हुशार होतो, आणि हुशार आहे हे लोकांना दिसावे अशी मला घाई होती.

आता तो दिवस.

डिसेंबरची सकाळ होती. सर होसकोट्याच्या एका कारखान्यात कामगारांचे हात तपासायला गेले होते आणि खोली पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या ताब्यात होती. मल्लेश्वरमहून एक बाई आल्या. घरी मराठी बोलणाऱ्या, वीणा शिकवणाऱ्या. दोन्ही हातांना मुंग्या येत होत्या, उजव्याला जास्त. रिक्षातून गार वाऱ्यात आल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तो थंड होता. थंड आहे हे मला समजले नाही असे म्हणण्याची सोयही मला नाही. मला समजले.

कँटीनच्या चुलीवर न्याहारीची गडबड होती. पाण्याला वेळ लागेल असा निरोप आला. बाक भरला होता. मी बाईंच्या मनगटावर ठिपका काढला.

"डाक्टर, ते पाण्याचं नाही काय?" बाईंनी विचारले. "शेजारच्या सांगत होत्या, आधी हात पाण्यात ठेवतात म्हणून."

"तुम्हाला गरज नाही," मी म्हणालो.

"सरी. तुम्हाला ठाऊक," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

लहर दोन्ही हातांत मंद आली. मनगटाशी तंतू दबला की लहर मंद होते. बाईंना मुंग्या येत होत्या. दोन्ही गोष्टी एकमेकींना जुळत होत्या. त्या दिवशी मी जेवणाच्या वेळेआधी सगळा बाक रिकामा केला. मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

दुपारी सर परतले. पाठोपाठ सर्जन आले. ते सरांचे समवयस्क. सरांची थट्टा करण्याचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही. "तुमच्या पोरानं सकाळीच सगळं उरकलं," ते म्हणाले. "तुम्ही असता तर अजून अंघोळीच चालल्या असत्या."

सर हसले. त्यांनी वीणाबाईंच्या मोजणीचा कागद हातात घेतला, आणि त्यांचे हसू थांबले.

"मंद आहे," ते म्हणाले. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "पण उंच आहे. दबलेल्या तंतूची लाट एवढी उंच?" मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, "हात गरम केला होतास?"

त्या स्वरात संशय नव्हता. घरी आलेल्या माणसाला जेवलास का म्हणून विचारतात, तसे त्यांनी विचारले. आणि न जेवलेला माणूस संकोचाने "हो" म्हणतो, तितक्या सहज मी म्हणालो, "होय, सर."

इतकी वर्षे मी त्या क्षणाची चिरफाड करीत आलो आहे. मला सरांची भीती नव्हती. ते मला रागावलेच नसते. नोकरीही गेली नसती. फार तर बाईंना पुन्हा बोलावावे लागले असते. पण सर्जन तिथे उभे होते, नुकतीच माझी स्तुती झालेली होती, आणि ती स्तुती मला आणखी थोडा वेळ अंगावर ठेवायची होती. एवढ्या क्षुद्र कारणासाठी माणूस एवढे करू शकतो, याचा धक्का मला आजही ओसरलेला नाही.

सरांनी कागदाकडे पुन्हा एकदा पाहिले. "गरम होता तर मग प्रश्न नाही," असे म्हणून त्यांनी सही केली. त्यांच्या डोळ्यांना खरे दिसले होते. माझ्या शब्दाखातर त्यांनी डोळ्यांना गप्प बसवले.

बाईंच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. मुंग्या गेल्या नाहीत. उलट व्रणाची जागा इतकी हुळहुळी झाली की तार छेडताना कळ तळव्यातून वर चढे. एप्रिलमध्ये डाव्या हाताची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी सरांनी पुन्हा तपासणीचा आग्रह धरला. बंगळूर तेव्हा तापलेले होते, तरी सरांनी टब मागवला. बाईंनी दोन्ही हात पाण्यात ठेवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "या वेळी गरज आहे वाटतं."

सरांनी ते ऐकले नाही. ते यंत्राशी होते. मी ऐकले.

डाव्या हाताची लहर निरोगी निघाली. ज्याला कुणी सुरी लावली नव्हती, तो हात बरा होता. सरांनी पुन्हा मोजले. मोजण्याची फीत हातावर पुन्हा लावली, अंतर पुन्हा पाहिले. लहर तितकीच वेगवान.

"डाक्टर, डावा चांगला आहे म्हणजे उजवाही चांगलाच होता काय?" बाईंनी विचारले. "मग कशाला कापला?"

त्या ओरडल्या नाहीत. तोच प्रश्न त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहत पुन्हा एकदा, अगदी हळू विचारला.

त्रास खरा मानेतून येत होता, हे नंतर निष्पन्न झाले. वर्षानुवर्षे वीणेवर मान वाकवून बसण्याने तिथे तंतू दबला होता. सर्जन मात्र तपासणीच्याच संध्याकाळी सरांच्या खोलीत येऊन वाटेल ते बोलले. "पाण्याचं दुकान चालवता आणि साधा हात वाचता येत नाही? माझ्या सुरीला तुम्ही फसवलंत!" मी भिंतीशी उभा होतो. मला वाटले, आता सर माझ्याकडे वळतील. आता विचारतील. दुसऱ्यांदा विचारले असते तर मी खरे सांगितले असते, असे मी स्वतःला कित्येक वर्षे बजावीत आलो. आता तेवढीही खात्री वाटत नाही.

सर वळले नाहीत. ते म्हणाले, "हात गरम केला होता. म्हणजे चूक माझ्या वाचण्यात आहे. लाट उंच दिसली होती मला. तिथंच थांबायला पाहिजे होतं."

त्यानंतरच्या आठवड्यांत सरांनी सगळ्या जगावर संशय घेतला, एका माझ्याखेरीज. त्यांनी यंत्र उघडले, कंपनीचा माणूस बोलावला, वेळेची मापे तपासली, मोजण्याची फीत दुसऱ्या फितीशी जुळवली. परिचारिकांचे, शिपायांचे, स्वतःचे हात मोजले. सगळे ठीक होते. जसजसे सगळे ठीक निघत गेले, तसतसे सर खचत गेले. बाकावर माणसे बसत. सर त्यांच्याशी बोलत नसत. कागद पुढे आला की पेन हातात धरून बसत आणि सही करीत नसत.

एके सकाळी मी खोलीत शिरलो तर त्यांच्या खुर्चीवर निळा टब ठेवला होता आणि सर बाजूला उभे होते.

"मी वर सांगून आलोय," ते म्हणाले. "खोली तू बघायची."

"सर, मी?"

"तुझा हात स्वच्छ आहे. सांगितलेलं करतोस. माझ्या डोळ्याला एक दिसलं आणि निघालं भलतंच; असल्या माणसानं दुसऱ्याच्या हाताबद्दल सही करू नये." त्यांनी माझा हात धरला, सवयीने थोडा वेळ तसाच ठेवला. "ऊब चांगली आहे. टब जपून वापर, कडेला चीर गेलीय."

मी तेव्हाही फक्त वाकलो. त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला आशीर्वाद दिला. तो घेऊन मी त्यांच्या खुर्चीवर बसलो.

पुढे माझे चांगले चालले. मी थंड हाताला पुन्हा कधी यंत्र लावले नाही. नवी यंत्रे आली, पडदे रंगीत झाले, तरी माझ्याकडे टब राहिला. लोक मला काटेकोर म्हणू लागले. तरुण डॉक्टर माझी थट्टा करू लागले. ही थट्टा मी माझी शिक्षा म्हणून स्वीकारली आणि तेवढ्यावर सुटका करून घेतली. सरांकडे सणासुदीला जात असे, मिठाई देत असे, काकूंच्या हातची कॉफी पिऊन परतत असे. वीणाबाईंकडे मात्र एकदाही गेलो नाही. मल्लेश्वरमच्या बाजूला काम निघाले तर ते दुसऱ्यावर सोपवीत असे.

गेल्या थंडीत सकाळच्या कन्नड वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. मांडीवर वीणा, चेहऱ्यावर हसू. खाली त्यांच्या निधनाची बातमी, आणि मनगटाच्या दुखण्यामुळे त्यांनी ऐन भरात वादन सोडले होते असे एक वाक्य. त्यांची क्षमा मागण्याचा मार्ग माझ्या टाळण्यामुळे कायमचा बंद झाला होता. मी त्याच दिवशी सरांच्या घरी गेलो.

सर आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. कानांनी फारसे ऐकू येत नाही. कानातले यंत्र टेबलावर पडलेले असते, कारण ते घरघरते म्हणतात. पण निळा ठिपका डाव्या मनगटावर होता. त्यांनी माझा हात घेतला आणि लगेच आत वळून ओरडले, "अगं, बिसी नीर आण! तम्माचे हात बर्फ झालेत."

काकूंनी पातेल्यात पाणी आणले आणि समोर ठेवले. "बुडव बाबा," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे कॉफी देऊ देणार नाहीत."

मी दोन्ही हात बुडवले. आता बोलू, असे मनाशी म्हणत होतो. पण आधी सरच बोलू लागले.

"आज पेपरात बघितलंस? आपल्या वीणावाल्या अक्का." त्यांचे डोळे एकदम तरुण झाले. "तुला सांगायचंच होतं. त्यांचा हात मला आता कळलाय."

"काय कळलं, सर?"

त्यांनी ते ओठांवरून ओळखले असावे. पुढे सरकून, आवाज खाली आणून, एखादे गुपित सांगावे तसे ते म्हणाले, "आपण सगळे चुकत होतो. घाबरलेल्या माणसाचा तंतू, हात गरम असला तरी, काही वेळ मंद होत असावा. गार नसताना गारठ्यासारखा वागत असावा. म्हणूनच लाट उंच! मी इतकी वर्षं धडपडतोय. एक जुनं यंत्र घेऊन ठेवलं होतं. माझा हात मोजला, हिचा मोजला."

"उकडून काढले माझे हात," काकू आतून म्हणाल्या. "आणि मला घाबरवायला मागून येऊन भांडी काय आपटायचे!"

"ही घाबरतच नाही, तर मी काय करू?" सर म्हणाले. मग पुन्हा माझ्याकडे वळले. "एकदाही तसं दिसलं नाही मला. पण त्या दिवशी झालं होतं. झालं होतं की नाही? मी नंतर शिकवायला जायचो त्या कॉलेजातल्या पोरांनाही सांगत आलो, हात गरम असला तरी भरवसा ठेवू नका. ती हसायची. पण तू होतास. सगळ्या जगात तूच एक साक्षीदार आहेस तम्मा. माझ्यामागं तू हे लिही. लिही, की हात गरम होता."

मी आयुष्यात अनेकदा हादरलो आहे, पण इतका कधी नाही. मला वाटत आले होते की मी त्यांची खुर्ची घेतली. खुर्ची तर ते केव्हाच विसरले होते. मी त्यांचे उरलेले सारे विचार घेतले होते. माझ्या एका "होय"ला जागा करून देण्यासाठी त्यांनी स्वतःचे शास्त्र मोडून नवे बांधायला घेतले होते, आणि त्या बांधकामावर ते म्हातारे झाले होते. माझा शब्द खोटा असेल, हे सगळ्यांत सोपे उत्तर त्यांना कधी सुचलेच नव्हते.

आता खरे सांगणे म्हणजे हेही त्यांच्याकडून काढून घेणे होते. गप्प राहावे, असे मला पुन्हा एकदा वाटले. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी कसा माणूस आहे ते कळेल.

पाण्यात हात तसेच ठेवून मी म्हणालो, "सर, तो हात गरम नव्हता."

"आँ?"

"तो हात गरम नव्हता, सर."

"मोठ्यानं बोल! तू पहिल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलतोस."

हे खरे आहे. मी हळू बोलतो. लोक त्याला माझे सौजन्य समजतात. काकू कॉफीचे पेले घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या. खिडकी रस्त्यावर उघडी होती. सर एक हात कानामागे धरून, उत्सुकतेने माझ्याकडे पाहत होते. मी पाण्यातून हात काढले, त्यांचा ठिपक्याचा हात त्यांत घेतला आणि माझ्या उभ्या आयुष्यात कधी चढवला नव्हता इतका आवाज चढवून बोललो.

"सर, तो हात थंड होता! बाईंनी स्वतः पाणी मागितलं होतं, मी गरज नाही म्हणालो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. लाट उंच होती, कारण हात थंड होता. तुमचा डोळा चुकला नव्हता, सर. कधीच चुकला नव्हता. मी चुकलो. मला क्षमा करा."